वाईट प्लग इतका टिकला कसा?

पीएचडीसाठी विषय शोधताय आणि "सगळ्यावर काम झालंय" असं वाटतंय? मग घरातल्या जुन्या टीव्हीच्या मागे डोकावून बघा. पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं दिसतील. आपण त्या वायरीला सरसकट एव्ही केबल म्हणतो. तिच्या टोकाच्या प्लगचं नाव आरसीए, म्हणजे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीवरून पडलेलं.

1930 च्या दशकात हा प्लग आला तो रेकॉर्ड वाजवणारा भाग रेडिओच्या अॅम्प्लिफायरला जोडायला. बऱ्याचदा ही जोडणी लाकडी कॅबिनेटच्या आतच असायची. एकदा खोचलं की दुरुस्तीवाल्याशिवाय कोणी हात लावणार नाही, हे गृहीत होतं. त्यामुळे प्लग स्वस्त आणि साधा: मधे एक पिन, भोवती पत्र्याचं कडं, संपलं.

आता यातली खोट बघा. प्लग खोचताना मधली पिन आधी टेकते, ग्राउंडचं कडं नंतर. त्या क्षणभरात सिग्नलच्या तारेला परतीचा मार्गच नसतो. आसपासच्या मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुण ती उचलते आणि अॅम्प्लिफायर ती इमानदारीत मोठी करतो. चालू अॅम्प्लिफायरला वायर लावताना स्पीकरमधून येणारा तो "घुर्रर्र" आठवतोय? तोच हा. कॅबिनेटच्या आत राहणाऱ्या प्लगसाठी ही खोट क्षम्य होती. पण पुढे हाय-फायची हौस वाढली, अॅम्प्लिफायर आणि प्लेअर वेगवेगळे विकले जाऊ लागले, आणि तोच प्लग माणसांच्या हातात आला. 1958 पासून स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, मग एकाच्या दोन वायरी झाल्या. व्हीसीआर आल्यावर चित्रासाठी तिसरी, पिवळी.

त्या पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात. म्हणून बारीक चौकड्यांचा शर्ट पडद्यावर उगाच इंद्रधनुषी दिसायचा. एस-व्हिडिओने हे दोन्ही वेगळे केले, पण पिवळी वायर काही हटली नाही.

"पाथ डिपेंडन्स" म्हणून मोकळं व्हायचा मोह इथे होतो. माझ्या मते ते उत्तर नाही, प्रश्नाचं नुसतं नाव आहे. कोणाला, कशासाठी, किती खर्च पडला असता म्हणून प्लग बदलला नाही, हे दाखवावं लागतं.

तुलनेला फ्रान्स घ्या. तिथे सरकारने 1980 च्या सुमारास नव्या टीव्हींवर 21 जोडण्यांचा स्कार्ट सॉकेट सक्तीचा केला. आवाज, चित्र, लाल-हिरवा-निळा वेगवेगळे, सगळं एकाच जाडजूड प्लगमधून. शिवाय व्हीसीआर सुरू झाला की टीव्हीला आपोआप तिकडे वळवणारा संकेतही त्यातच. दिसायला बोजड, नीट बसवायला त्रासदायक, पण विचारपूर्वक केलेला. तो युरोपभर पसरला, अमेरिकेत मात्र रुजलाच नाही.

म्हणजे एक प्लग कोणी ठरवल्याशिवाय जगभर गेला आणि दुसरा कायद्याने आला तरी एका खंडातच राहिला. साधनं शोधायची असतील तर जुन्या सर्व्हिस मॅन्युअलपासून सुरुवात करा. त्यातल्या सर्किट आकृत्यांवर सहसा मॉडेल क्रमांक असतो, बऱ्याचदा सालही, आणि मागच्या पॅनेलवर कोणते सॉकेट कधी आले-गेले ते वर्षावर्षाने लावता येतं. रद्दीवाल्याकडे ही मॅन्युअल अजून किलोवर मिळतात.