कोल्हापूर प्रकरण आणि एक बनावट समन्स

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातला एक तरुण माझ्या ओसरीवर आला. बोरी अरब आणि आसपासच्या गावांतल्या कारभारावर तो मोबाइलवरून लिहितो. पंचक्रोशीतल्या एका पुढाऱ्याच्या वजनाने झालेल्या रस्त्याच्या कामाबद्दल त्याने लिहिले होते. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काका, हे पाहा जरा. मले कोर्टाचं समन्स आलं. एक कोटीचा दावा हाय. लेख काढून टाकू काय? माफी मांगू काय?"

घरच्यांना त्याने अजून सांगितले नव्हते. दोन एकर कोरडवाहू कापूस असलेल्या घरात एक कोटी हा आकडा कसा ऐकू येतो, ते सांगायला नको.

मी वकील नाही. जुने कागद वाचण्याचा नाद तेवढा आहे, म्हणून हाही कागद तसाच वाचला. वर राजमुद्रा होती, पण न्यायालयाचा शिक्का नव्हता. हजर राहण्याची तारीख नव्हती. उलट चोवीस तासांत लेख काढावा, असे फर्मान होते. आणि हे सारे एका अनोळखी क्रमांकावरून आलेले. वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे आणि समन्स काढते ते न्यायालय, हे मी त्याला समजावले. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत दाखल झालेल्या खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, तो महाराष्ट्रात 'एमएच'ने सुरू होतो. या कागदावरचा क्रमांक तसा नव्हता. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला जाऊन एका वकिलांकडून खात्री केली. त्या नावाचा दावा कुठेच नव्हता. कागद बनावट होता.

पोराचा चेहरा खुलला. परतताना एसटीत म्हणाला, "आता त्याइले दाखवतोच!" तेव्हा मी विचारले, "तुझ्याजवळचा कागद कुठला?" तो गप्प झाला. कामाच्या मोजमापाची एक झेरॉक्स कोणीतरी दाराखालून सरकवली होती. कोणी, ते त्याला ठाऊक नव्हते. मग मी त्याला १८८२ सालची हकिकत सांगितली.

'मराठा' आणि 'केसरी' जानेवारी १८८१मध्ये सुरू झाले. वर्षभराच्या आतच दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा प्रश्न हाती घेतला. महाराजांना वेडे ठरवले जात आहे, असा लोकांचा संशय होता आणि बोट कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडे होते. बर्व्यांचीच म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांच्या आधाराने टिळक-आगरकरांच्या पत्रांनी कडक लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. जामिनासाठी १०,००० रुपये उभे केले ते सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून. जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले.

आपण ही गोष्ट सहसा गौरवाने सांगतो. सुटकेच्या वेळी जमलेली गर्दी आपल्याला आठवते. मला तिच्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. म्हणजे चिंता खरी होती आणि पुरावा खोटा. न्यायालयासमोर चिंता उभी राहत नाही, पुरावा उभा राहतो. खोट्या पत्रांमुळे तर खरा प्रश्नही मागे पडला.

कायद्याचा सांगाडा आजही फारसा वेगळा नाही. १८६०च्या दंडसंहितेतले कलम ४९९ आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झाले आहे. सत्य आणि लोकहित असेल तर बचाव आहे, पण सत्य सिद्ध करायचे ते लिहिणाऱ्याने.

पोराने लेख काढला नाही आणि माफीही मागितली नाही. दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला आणि प्रमाणित प्रती मिळवल्या. रस्त्याची जाडी कमी भरली होती, हे त्याचे म्हणणे टिकले. खर्चाचा आकडा मात्र झेरॉक्सवर वाढवलेला निघाला. त्याने तो जाहीरपणे दुरुस्त केला. बनावट समन्सची तक्रार पोलिसांत दिली, कारण न्यायालयाच्या नावाने खोटा कागद करणे हा वेगळा गुन्हा आहे. तक्रारीत त्याने पुढाऱ्याचे नाव मात्र घातले नाही. समन्स त्यांनीच धाडले, असे म्हणायला आमच्याजवळ पुरावा नव्हता.

"पण काका, आपल्याले तर ठाऊकच हाय न," तो म्हणाला.

"टिळक-आगरकरांनाही ठाऊकच होतं," मी म्हणालो.