सीझनची डिलिव्हरी ते कायमची नोकरी: ब्राउन गाडीचा इतिहास

दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये डिलिव्हरीची माणसं धडाधड भरली जातात आणि भाऊबीज उलटली की ऑर्डरी आटतात. हे तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिलंय. म्हणून एक प्रश्न मला सारखा येतो: ‘दादा, यातून पर्मनंट होता येतं का?’ आज मी याचं उत्तर इतिहासातून शोधणार आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण शेवटी आपण मुंबईत येऊ.

कंपनीचं नाव यूपीएस. १९०७ साली सिॲटल शहरात जिम केसी नावाच्या १९ वर्षांच्या पोराने १०० डॉलर उसने घेऊन निरोप पोचवायचा धंदा सुरू केला. सुरुवातीला पायी आणि सायकलवर. पुढे मोठ्या दुकानांचा माल गिऱ्हाइकाच्या घरी नेणं हेच मुख्य काम झालं. आणि दुकानांचा धंदा म्हटला की नाताळची गर्दी आलीच. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत पार्सलांचा नुसता डोंगर! आजही या सीझनसाठी कंपनी मोठी भरती करते. २०२३ च्या सीझनला एक लाखाहून जास्त माणसं घ्यायचं तिने जाहीर केलं होतं. कोणी गोदामात, कोणी गाडीवर, कोणी ड्रायव्हरचा हेल्पर.

आता यातला टिकतो कोण? वाट साधारण अशी आहे. सीझन संपल्यावर गोदामात पार्टटाइम जागा मिळवायची, युनियनच्या यादीत नाव लावायचं, आणि फुलटाइम ड्रायव्हरची जागा निघाली की ज्येष्ठतेनुसार तिच्यावर हक्क सांगायचा. जो आधी लागला, त्याचा नंबर आधी. साहेबाची मर्जी नाही, यादीतला क्रमांक महत्त्वाचा.

कंपनी स्वतःची एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगते. डेव्हिड ॲबनी हा मिसिसिपीतला मुलगा १९७४ साली कॉलेज करता करता पार्टटाइम पार्सलं चढवायला लागला आणि २०१४ मध्ये त्याच कंपनीचा सीईओ झाला. गोष्ट खरी आहे. पण सीईओची खुर्ची एकच असते ना! बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांची गोष्ट १९८२ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या करारात नव्या पार्टटाइम कामगाराचा सुरुवातीचा पगार तासाला ८ डॉलर ठरला, आणि पुढची १५ वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. १९९७ पर्यंत फुलटाइम ड्रायव्हर तासाला जवळपास २० डॉलर कमावत होता, आणि कंपनीतले निम्म्याहून जास्त कामगार पार्टटाइम झाले होते. यादी होती, पण वर जागाच निघत नव्हत्या. शिडीच्या वरच्या पायऱ्या काढून टाकल्यासारखंच ते.

४ ऑगस्ट १९९७ ला टीमस्टर्स युनियनने संप पुकारला. १ लाख ८५ हजार कामगार बाहेर पडले. युनियनचा अध्यक्ष होता रॉन केरी, जो स्वतः एकेकाळी यूपीएसचा ड्रायव्हर होता. मला यातली सर्वात मोठी गोष्ट ही वाटते, की ज्यांची नोकरी आधीच पक्की होती, तेही पार्टटाइमवाल्यांसाठी रस्त्यावर आले. रोज दारात येणारा ब्राउन कपड्यातला माणूस लोकांना ओळखीचा होता, त्यामुळे सहानुभूतीही त्यालाच मिळाली. दोन आठवड्यांत कंपनी नमली. पार्टटाइम जागा जोडून ५ वर्षांत १० हजार नव्या फुलटाइम जागा करायचं ठरलं.

जिंकले म्हणून गोष्ट इथे संपली का? नाही. धंदा घटल्याचं कारण देत कंपनीने त्या जागा अडवल्या. प्रकरण लवादाकडे गेलं आणि २००० साली निकाल कामगारांच्या बाजूने लागला. केरीचं अध्यक्षपद मात्र निवडणुकीतल्या पैशांच्या घोटाळ्यावरून गेलं. पुढे २००१ मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. २०१८ च्या करारात कमी पगाराच्या ड्रायव्हरांचा वेगळा वर्ग आला. तो २०२३ च्या करारात रद्द झाला आणि ७,५०० नव्या फुलटाइम जागाही ठरल्या. पण एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने त्या वर्षात सुमारे २० हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. म्हणजे ‘कायम’ हा शब्दसुद्धा दर काही वर्षांनी पुन्हा मिळवावा लागतो.

आता या मुंबईत. मशीद बंदर, भायखळ्याच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणारे हमाल कोणाचेच नोकर नव्हते. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. व्यापारी म्हणणार, ‘हा माझा माणूस नाही.’ ओळखीचं वाटतंय ना? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याने युक्ती केली ती अशी: मालक बदलत राहिला तरी कामगाराची नोंद एका मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून पगार, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. एका मालकाची कायम नोकरी न मिळताही कामाला कायमपणा आला.

आपल्या ॲपवाल्या पोरांसाठी मला हाच धागा जवळचा वाटतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांचं नाव पहिल्यांदा आलं. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही संहिता लागू झाली.

म्हणून या सीझनला गाडीला किक मारण्याआधी दोन कामं करा. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्या. आणि किती दिवस काम केलं, किती पैसे आले, त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. सिॲटल असो की मशीद बंदर, ज्यांची नोंद होती त्यांनाच हक्क सांगता आला. तुमच्याकडे काय चाललंय ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!