गिलायुच्छेदन : आंशिक व संपूर्ण

घशाच्या दोन्ही बाजूंस, जिभेच्या मुळाशी असलेल्या लसीकाभ ऊतकाच्या गाठींना गिलायू वा टॉन्सिल म्हणतात. या गाठीचा पुढे आलेला भाग तेवढाच कापून काढणे हे आंशिक, तर बाहेरील संवेष्टनासह सबंध गाठ काढणे हे संपूर्ण गिलायुच्छेदन होय. यांपैकी श्रेयस्कर कोणते, हा वाद सु. २,००० वर्षांचा आहे. गिलायूंचा उपद्रव कशामुळे होतो, यासंबंधीच्या कल्पना बदलल्या तसे त्याचे उत्तरही बदलत गेले.

सुश्रुतसंहितेत गलशुंडिका या तालुविकारात वाढीचा तिसरा भाग कापावा, अधिक कापल्यास रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो व कमी कापल्यास सूज येते, असे सांगितले असून तुंडिकेरीलाही तोच विधी लागू केला आहे. तुंडिकेरी म्हणजे गिलायूंची सूज असे सामान्यतः मानतात. रोमन ग्रंथकार सेल्सस (इ. स. पहिले शतक) यांनी गाठ बोटाने सोडवून काढावी व ते न जमल्यास आकड्याने धरून कापावी, असे लिहिले. उलट सहाव्या शतकातील बायझंटिन वैद्य ॲमिडाचे एटियस यांच्या मते पुढे आलेला भाग तेवढाच काढावा. सबंध गाठ काढणाऱ्याच्या हातून निरोगी ऊतकही कापले जाऊन घातक रक्तस्राव होतो.

शुद्धिहरणाचा वापर सुरू होण्यापूर्वी रोग्याला जागेपणीच धरून ठेवावे लागे. त्यामुळे क्षणात उरकणारी आंशिक पद्धतच सोयीची होती. फिलाडेल्फियाचे शस्त्रक्रियातज्ञ फिलिप सिंग फिझिक यांनी १८२८ मध्ये त्यासाठी गिलोटिनसारखे उपकरण प्रसिद्ध केले व लंडनचे मोरेल मॅकेंझी यांनी त्याची सुधारित आवृत्ती रूढ केली. मात्र उरलेला भाग पुन्हा सुजत असे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिलायूंकडे अडथळा म्हणून नव्हे, तर जंतूंचे आगर म्हणून पाहिले जाऊ लागले. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी पुरस्कारिलेल्या केंद्रीय संक्रामण उपपत्तीनुसार घशातील अशा केंद्रातून सांध्यांसारख्या दूरच्या अवयवांचे रोग उद्‌भवतात. साहजिकच अर्धी गाठ मागे ठेवणे सदोष ठरले. न्यूकॅसलचे व्हिलिस व पायबस (१९१०) आणि सेंट लूइसचे ग्रीनफील्ड स्लूडर (१९११) यांनी गिलोटिननेच सबंध गाठ काढण्याची रीत वर्णिली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सॅम्युएल क्रो यांनी १९१७ मध्ये काळजीपूर्वक विच्छेदनाने केलेल्या १,००० शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला. पुढे या शस्त्रक्रियेचा अतिरेक झाला. न्यूयॉर्कमध्ये तपासलेल्या १,००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांच्या गिलायू आधीच काढलेल्या होत्या, असे १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

प्रतिजैव औषधे आल्यावर व केंद्रीय संक्रामणाची उपपत्ती मागे पडल्यावर हे प्रमाण घटले. १९७६ मध्ये गिलमिनो व सहकाऱ्यांनी मुलांतील निद्राश्वासरोधाचे वर्णन केले आणि गिलायूंचा आकार पुन्हा महत्त्वाचा ठरला. त्यामुळे टाकून दिलेली आंशिक पद्धत नव्या साधनांनिशी परतली. स्वीडनमध्ये एलिझाबेथ हुल्टक्रांट्स व सहकाऱ्यांनी लेसरने केलेल्या आंशिक छेदनाची संपूर्ण छेदनाशी तुलना केली (१९९९). अमेरिकेत पीटर कोल्टाय व सहकाऱ्यांनी फिरत्या पात्याच्या उपकरणाने संवेष्टन राखून ऊतक काढले (२००२).

संवेष्टन राहिल्याने खालचे स्नायू, तंत्रिका व रक्तवाहिन्या उघड्या पडत नाहीत. म्हणून वेदना कमी होतात, मूल लवकर खाऊपिऊ लागते व नंतरच्या रक्तस्रावाचा धोकाही घटतो. तथापि काही मुलांत, विशेषतः लहान वयात, ऊतक पुन्हा वाढते व क्वचित दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. झोपेतील श्वासरोधासाठी आंशिक छेदन आता अनेक ठिकाणी करतात. वारंवार होणाऱ्या घशाच्या संक्रामणात संपूर्ण छेदन अद्याप प्रचलित आहे. कर्करोगाचा संशय असल्यास सबंध गाठच काढून तपासतात. किती कापावे हे ठरविण्यापूर्वी कशासाठी कापावयाचे हे ठरवावे लागते, हाच या दीर्घ इतिहासाचा निष्कर्ष होय.