बल्लाळशहाचा कुत्रा, जहांगीरचा चिमटा आणि औषधाची गोळी

बल्लारपूरच्या किल्ल्यातून राज्य करणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाची गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. राजाच्या अंगभर गाठी होत्या, वैद्य थकले होते. एक दिवस शिकारीला गेला असताना तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी तो प्यायला, हातपाय-तोंड धुतलं, आणि त्या रात्री गाढ झोपला. सकाळी अंग साफ. तिथेच पुढे अंचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं. नंतर त्याच भागात राजाला एक विचित्र दृश्य दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करत होता. दोघे मोठी फेरी मारून आले आणि शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारलं. राणी म्हणाली, या फेरीच्या मार्गावर कोट बांधा. तो कोट म्हणजे चंद्रपूर.

पंधराव्या शतकातली म्हणून सांगितली जाणारी ही आख्यायिका मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1869 च्या सुमारास चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात नोंदवली. इतिहास म्हणून ती घेता येत नाही. सशाने कुत्र्याला पळवलं आणि राजाने शहर वसवलं, ही गोष्ट अहमदाबादचीही आहे. तिथे राजाच्या जागी 1411 साली शहर वसवणारा सुलतान अहमदशाह आहे. विजयनगरचीही तीच. गोंड राजा असो, मुसलमान सुलतान असो की हंपीचे राय, शहराच्या जन्माला प्रत्येकाने एक कुत्रा लावला. मला यात रस वेगळ्या कारणाने आहे. राजाच्या आजाराची, उपचाराची तपशीलवार हकिगत आहे. कुत्रा धावून धावून दमला असेल, जखमी झाला असेल, त्याचं काय झालं, हे कथा सांगत नाही.

आपल्या मोहल्ल्यात अशी एक समजूत पक्की असते की मुसलमानाचा आणि कुत्र्याचा संबंध नाही. अबुल फजलचं 'आईन-ए-अकबरी' ही समजूत मोडून टाकतं. अकबराला कुत्रे फार आवडत. देशोदेशीचे कुत्रे तो मागवी, काबूलकडचे, त्यातही हजारा भागातले उत्तम मानले जात, त्यांना नावं दिली जात, असं अबुल फजल लिहितो. गंमत म्हणजे याच ग्रंथात आपला चांदाही आहे. बाबाजी नावाचा गोंड जमीनदार, एक हजार घोडदळ, चाळीस हजार पायदळ. आणि वैरागडची हिऱ्यांची खाण. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येतं.

जहांगीरच्या दरबारात इंग्रज वकील सर टॉमस रो आला, तेव्हा बादशहाला भेट म्हणून इंग्लंडचे धिप्पाड कुत्रे आणले गेले. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलंय की बादशहाने प्रत्येक कुत्र्यामागे चार चाकर नेमले. दोघांनी पालखीतून न्यायचं, दोघांनी माश्या वारायच्या. आणि स्वतःच्या हाताने कुत्र्यांना भरवता यावं म्हणून त्याने खास चांदीचा चिमटा करवून घेतला. चिमटा कशाला? शौक म्हणून असेल. पण मला वाटतं, लाळेचा प्रश्नही त्याच्या मनात असणार. कुत्रा हवा, त्याला भरवायलाही हवं, पण हाताला लाळ नको. चारशे वर्षांनंतर आपल्या घरातही नेमकं इथेच अडतं.

कारण कुत्रा पाळणं वेगळं आणि आजारी कुत्र्याला गोळी देणं वेगळं. शिळी पोळी लांबून टाकता येते. गोळीसाठी जबडा उघडावा लागतो, बोटं थेट जिभेच्या मुळाशी न्यावी लागतात. मग मनगटापर्यंत लाळ. घरातलं कुणीतरी म्हणतं, नमाजला जायचंय, मी नाही.

फिकहमध्ये या प्रश्नाचं उत्तर एकच नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा, त्यात एकदा मातीने धुवावं, अशी हदीस आहे. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांच्या मते कुत्रा संपूर्ण नजिस. त्याचा ओला स्पर्श झाला तरी सात वेळा धुणं आलं. आपले कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांच्या घरात हा नियम कडक. विदर्भातले आपण बहुतेक हनफी. हनफी मतानुसार लाळ नापाक, पण धुणं तीनदा पुरेसं, सातदा उत्तम. इमाम मालिक तर कुत्रा पाक मानतात. भांडं धुणं ही त्यांच्या लेखी हुकमाची तामील आहे. त्यांच्या बाजूने दिला जाणारा एक आधार म्हणजे सूरह माइदाची चौथी आयत. शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार खायला तिथे परवानगी आहे, आणि ती शिकार तो तोंडातच धरून आणतो. विनाकारण कुत्रा पाळू नये, शिकार, गुरं आणि शेतीची राखण याला सूट, हेही हदीसमध्येच आहे. पण लाळ लागली म्हणून वुजू मोडत नाही. लागलेली जागा धुवायची, इतकंच. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला आपल्या पायतणात विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्या बाईला माफी मिळाली, ही हदीस तर लहान मुलांनाही पाठ असते.

अरबी ग्रंथकारांनी या प्राण्याकडे पाठ फिरवली नव्हती. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिझने 'किताबुल हयवान' लिहिलं. त्याचा मोठा भाग कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा या वादाने व्यापलेला आहे. बगदादच्या इब्न अल-मर्झुबानने (मृत्यू 921) एक पुस्तकच लिहिलं, ज्याच्या नावाचा अर्थ असा की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे बरे. आणि औषधाचं म्हणाल तर शिकारी जनावरांच्या निगेचे ग्रंथ होते. त्यातला एक, 'मोआमिन' या नावाने युरोपात पोचलेला, सिसिलीचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्यासाठी 1240 च्या सुमारास अँटिओकच्या थिओडोरने अरबीतून लॅटिनमध्ये आणला. त्याचे पाच भाग. पहिले तीन शिकारी पक्ष्यांचे, उरलेले दोन चार पायांच्या शिकारी जनावरांचे, मुख्यतः कुत्र्यांचे. त्यांच्या आजारांचे आणि औषधांचे. ससाण्याला औषध मांसात गुंडाळून द्यायची रीत त्या जगात मुरलेली होती.

तीच रीत आज बल्लारपुरात चालते. आपल्याकडे गोचीड भरपूर, त्यामुळे कुत्र्यांना गोचीडताप सर्रास होतो आणि डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात, अनेकदा 28 दिवसांचं. तिसऱ्या दिवसापासून कुत्रा हुशार होतो. गोळी गालफडात दाबून ठेवतो आणि पलंगाखाली जाऊन थुंकतो. उकडलेल्या कलेजीचे तीन बारके तुकडे करावेत. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच नाकासमोर धरलेला. तिसऱ्याच्या लालचीने दुसरा न चावता उतरतो. पण सालनातला खिमा नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. ही गोळी दुधातूनही देऊ नये, औषध लागू पडत नाही. त्याऐवजी मागाहून पाणी पाजावं, म्हणजे ती घशात अडकून राहत नाही. आणि आपली तापाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने कधीच नाही.

एक वेळ मात्र अशी असते की हात घालायचाच नाही. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, स्वभाव बदललाय. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलं. जबडा उघडून बोटं घालतात. हा रेबीज असू शकतो; त्यात घशाचे स्नायू लुळे पडतात, आणि विषाणू लाळेतच असतो. हाताला बारीकशी चीर असली तरी पुरे. असा कुत्रा बांधून, लांब राहून डॉक्टरला बोलवावं. लाळ लागलीच असेल तर तीनदा की सातदा हा हिशेब नंतर. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं हात धुवायचा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जायचं.