‘बाधित’ कोणाला म्हणायचे?

सरदार सरोवराचा इतिहास बहुधा धरणाच्या उंचीने सांगितला जातो. मला तो एका शब्दापासून सांगावासा वाटतो : ‘बाधित’.

१९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. काम कसे चालले आहे, हे बँकेचीच पथके पाहत. पुढे नर्मदाकाठचा विरोध देशाबाहेर पोहोचला आणि १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र फेरतपासणी नेमावी लागली. चालू प्रकल्पाची बाहेरच्यांकडून अशी तपासणी बँकेने पूर्वी करवली नव्हती. अध्यक्ष होते ब्रॅडफर्ड मॉर्स आणि उपाध्यक्ष टॉमस बर्जर. बर्जर यांनी सत्तरच्या दशकात कॅनडाच्या उत्तरेत नियोजित वायुवाहिनीची चौकशी केली होती. तेव्हा ते ३५ वस्त्यांत गेले आणि शिकाऱ्यांची, मच्छीमारांची साक्ष तज्ज्ञांच्या साक्षीइतकीच गंभीरपणे नोंदवली.

नर्मदेवरही समिती गावोगाव फिरली. अधिकारी, धरणाचे समर्थक आणि विरोधक अशा सर्वांना भेटली. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसल्या. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसली जाणारी जमीन सरकारदफ्तरी ‘अतिक्रमण’ होती. सातबारा नाही म्हणून कसणारा भूमिहीन ठरे आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा त्याचा हक्कच डळमळे. कालव्यात शेत गेलेले लोक तर बाधितांत धरलेच नव्हते. नुकसान मोजण्याआधीच माणसे हिशेबातून गळत होती. हे ज्याला ठाऊक होते, त्याला आधी कोणी विचारले नव्हते.

जून १९९२ च्या अहवालाने बँकेला एक पाऊल मागे घेण्याचा सल्ला दिला. बँकेने लगेच अंग काढून घेतले नाही. तिने अटी घातल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापले. समान हितसंबंध असलेल्या दोन माणसांनाही त्याच्याकडे दाद मागता येऊ लागली. नेपाळमधल्या ‘अरुण-३’ विरुद्धचा अर्ज हे मंडळाचे पहिले प्रकरण. १९९५ मध्ये बँक त्या प्रकल्पातून बाहेर पडली.

नर्मदाकाठच्या लोकांच्या साक्षीतून जगभरच्या कर्जबाधितांना एक दार मिळाले, असे मी मानतो. त्यांच्या स्वतःच्या नदीवर मात ते दार बंद झाले, कारण कर्जाबरोबर सावकारही गेला आणि सावकाराला जाब विचारण्याची सोयही. धरण देशाच्या पैशावर चढत राहिले आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटरवर पूर्ण झाले.

म्हणून लोकसहभागाची आजची मार्गदर्शक पुस्तके वाचताना मी एवढेच शोधतो : गावाला फक्त उत्तरे देता येतात, की बाधित कोण हेही गावाला ठरवता येते? आणि पैसा परदेशी नसेल, तेव्हा हा अधिकार त्याच्याकडे उरतो का?