खर्जाची पेटी

मोटारीच्या डिकीत बसविलेल्या सबवूफरकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो त्याचा रुंद, काळा शंकू. विकत घेणाराही बहुधा त्या शंकूचा व्यास आणि वॉटांचा आकडा एवढेच विचारतो. ज्या लाकडी पेटीत तो शंकू बसवावयाचा, ती त्याला केवळ वेष्टनासारखी वाटते. परंतु भोपळ्यावाचून जसा तंबोरा नाही, तसा पेटीवाचून खर्ज नाही. पेटीतील हवा हा त्या वाद्याचाच एक भाग आहे. हे पुरते उमगून त्याचे गणित मांडावयास अभियंत्यांना जवळजवळ अर्धशतक लागले. आणि आज योग्य सबवूफर निवडू पाहणाऱ्याला त्या अर्धशतकाचा इतिहासच सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

१९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा नसलेल्या नव्या लाउडस्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला जोडलेला शंकू, ही रचना मूलतः आजही तीच आहे. पण तिच्यात एक अंगभूत अडचण होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उंच स्वरांच्या आखूड लहरींना याची फारशी बाधा होत नाही. खर्जाच्या लांब लहरी मात्र कडेने वळसा घेऊन परस्परांना मिटवून टाकतात. सेकंदाला ३० कंपने असलेल्या स्वराची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. ती फळीने अडवावयाची तर फळी कित्येक मीटर रुंद हवी. घरात ते अवघड, मोटारीत तर अशक्यच. म्हणून मागची लहर पेटीत कोंडणे ओघानेच आले. परंतु कोंडलेली हवा शंकूला उलट रेटू लागली आणि पेटी लहान करावी तसतसा खर्ज रोडावू लागला.

या पेचातून दोन मार्ग निघाले. पहिला बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेतील आल्बर्ट थुरास यांचा. त्यांचे पेटंट १९३२ सालचे. त्यांनी पेटीतील हवेला बाहेर पडण्यासाठी मोजूनमापून नळीसारखी वाट ठेवली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती ज्या कारणाने घुमते, त्याच कारणाने अशी पेटीही एका ठरावीक स्वराला घुमते. त्या स्वराशी मागची लहर नळीतून उलटून बाहेर येते आणि पुढच्या लहरीला साथ देते. शंकू त्या वेळी जेमतेम हलतो. श्रम नळीतील हवा करते. मात्र त्या स्वराच्या खाली उतरताच हवेचा आधार सुटतो, शंकू बेलगाम हलू लागतो आणि आवाज दर सप्तकास सुमारे २४ डेसिबेल इतक्या वेगाने कोसळतो.

दुसरा मार्ग एडगर विल्चर यांनी १९५४ साली दाखविला. तोवर शंकूला जागेवर धरून ठेवणारी कड ताठ असे. विल्चर यांनी ती मुद्दाम सैल केली आणि शंकूला मूळ जागी परत आणण्याचे काम घट्ट बंद पेटीतील हवेवर सोपविले. आजवर जी हवा वैरी मानली जात होती, तिचीच त्यांनी स्प्रिंग केली. ही स्प्रिंग कापडाच्या अथवा कागदाच्या कडेपेक्षा अधिक सम प्रमाणात वागते, त्यामुळे स्वर कमी विकृत होतो. हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापिली. तिची ‘एआर-१’ ही पेटी सुमारे पावणेदोन घनफुटांची होती. पण तत्पूर्वी कपाटाएवढ्या पेट्यांकडूनच अपेक्षिला जाणारा खर्ज ती देऊ लागली.

या लाभाचे मोल विजेत मोजावे लागले. त्या व्यवहाराचा नियम क्लॉस यांचे सहकारी अँटन हॉफमन यांनी मांडला. प्रख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे ते पुत्र. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच गोष्टी मिळू शकतात; तिसरीवर पाणी सोडावे लागते. आवाजाचा जोर तेवढाच राखून एक सप्तक खाली उतरावयाचे, तर पेटी तरी आठपट मोठी हवी, नाहीतर वीज तरी आठपट हवी.

नियम कळला, तरी प्रत्यक्ष पेटी बहुतांशी अंदाजानेच बनत असे. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी नळीच्या पेटीचे वर्तन विद्युत्‌मंडलातील गाळणीसारखे असते, हे दाखवून तिच्या मापांचे कोष्टकच दिले. तो लेख स्थानिक अभियंत्यांच्या नियतकालिकात आला आणि बाहेरच्या जगात बहुतांशी दुर्लक्षित राहिला. सिडनी विद्यापीठात संशोधन करणारे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे मर्म ओळखून ते गणित पुढे नेले. १९७१ साली थील यांचा लेख अमेरिकेत पुनर्मुद्रित झाला, आणि १९७२-७३ मध्ये स्मॉल यांचे लेख त्यापाठोपाठ आले. शंकूची स्वाभाविक कंपनसंख्या किती, त्याचे कंप किती लवकर शमतात, आणि त्याच्या कडेइतकी लवचीक हवा किती लिटर भरेल, हे तीन आकडे हाती आले की पेटी कागदावर आखता येऊ लागली. चांगल्या सबवूफरच्या माहितीपत्रकात आज हे ‘थील-स्मॉल’ आकडे असतात. घेणारा मात्र ते क्वचितच वाचतो.

मोटारीत रेडिओ लोकप्रिय केला तो शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी, १९३० साली, ‘मोटोरोला’ या नावाने. पण खोल खर्जाला तेथे वीज अपुरी होती. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर ४ ओहमच्या लाउडस्पीकरला सरळ जोडणीने २०-२५ वॉटांपलीकडे फारसे काही मिळत नाही. व्होल्टता वाढवून देणारे अँप्लिफायर आले, तेव्हाच शेकडो वॉट शक्य झाले आणि हॉफमन यांच्या नियमातील विजेची बाजू भरून निघाली.

पेटीच्या दृष्टीने मात्र मोटार ही एक अनपेक्षित सोय ठरली. मोटारीतला श्रोता पेटीसमोर बसत नाही. तो दुसऱ्या एका पेटीच्या आत बसतो. आतली मोकळी जागा साधारण ३ मीटर लांब धरली, तर सेकंदाला सुमारे ६० कंपनांखालच्या लहरींना तेथे धावावयास वाव उरत नाही. सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. या सीमेखाली दाब, आदर्श स्थितीत, दर सप्तकास १२ डेसिबेलने चढतो. बंद पेटीचा आवाज तिच्या स्वाभाविक स्वराखाली नेमका त्याच प्रमाणात उतरत असतो. चढ आणि उतार एकमेकांना बऱ्याच अंशी भरून काढतात. पत्रे थरथरतात, फटींतून दाब निसटतो, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ याहून कमी असतो. तरीही दिवाणखान्यात दुबळी वाटणारी लहान बंद पेटी मोटारीत भरदार वाजते, ती यामुळेच. उलट, खुल्या खोलीसाठी आखलेली नळीची पेटी मोटारीत ठेवली, तर दोन्हींचा जोर एकत्र होऊन मृदंगाच्या वेगवेगळ्या थापांऐवजी एकच घुमारा ऐकू यावयाचा धोका असतो.

तेव्हा नळीची पेटी वाईट आणि बंद पेटी चांगली, असा निवाडा करण्याचे कारण नाही. ज्याला थोड्या विजेत मोठा आवाज हवा, त्याने नळीची पेटी घ्यावी. पण तिला जागा अधिक लागते, आणि ठरावीक स्वराखालचे ध्वनी अँप्लिफायरमध्येच गाळून टाकावे लागतात, नाहीतर शंकू फाटतो. ज्याला डिकीत सामानही न्यावयाचे आहे आणि तबल्याच्या डग्ग्याची प्रत्येक घुमक निराळी ऐकावयाची आहे, त्याला बंद पेटी अधिक मानवते. तिला वीज अधिक पुरवावी लागते, आणि तिचे सांधे मात्र हवाबंदच हवेत. दोन्हींकडे खरेदीचा क्रम एकच असावा. प्रथम डिकीतील किती लिटर जागा देता येईल ते मोजावे, आणि मग त्या जागेला जुळणारे आकडे असलेला शंकू शोधावा.