बाळाच्या बाहीचा तुकडा



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. नवसाने झालेला मुलगा, दूध तुटल्यावर तिने शिलो येथे नेऊन परमेश्वराच्या सेवेला दिला. दुसऱ्या अध्यायात मात्र एक बारीकशी नोंद आहे, ती घाईत वाचताना निसटते. दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. म्हणजे मूल डोळ्यांसमोर नसतानाही यंदा बाही किती लांब ठेवायची, याचा अंदाज ती घरी बसून बांधत असणार.

ज्यांना असा दुसरा झगा शिवायची संधीच मिळाली नाही, अशा हजारो आया अठराव्या शतकात लंडनमध्ये होऊन गेल्या. त्यांच्या बाळांच्या कपड्यांचे तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत.

थॉमस कोरम हा जहाजांच्या धंद्यातला माणूस. लंडनच्या रस्त्यांकडेला टाकून दिलेली, मरायला टेकलेली तान्ही मुले त्याला पाहवेनात. सतरा वर्षे तो श्रीमंतांचे उंबरठे झिजवत राहिला आणि १७३९ साली त्याला राजाची सनद मिळाली. त्यातून फाउंडलिंग हॉस्पिटल उभे राहिले. नावात हॉस्पिटल असले तरी तो दवाखाना नव्हता, सोडलेल्या मुलांचे घर होते. २५ मार्च १७४१ रोजी पहिली ३० बाळे आत घेतली गेली. देवदूताने मरियेला निरोप दिला, त्या सणाचा हा दिवस. (ख्रिसमसला आपण जो ‘हालेलुया’ गातो, त्याच्या संगीतकाराने, हँडेलने, १७५० पासून याच मुलांच्या मदतीसाठी ‘मसीहा’चे कार्यक्रम केले.)

जागा थोडी आणि आया फार, म्हणून पुढच्याच वर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पद्धत सुरू झाली. आईने पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा निघाला तर मूल आत, काळा निघाला तर परत, लाल निघाला तर थांबायचे.

आईचे नाव विचारत नसत. बाळाला क्रमांक मिळे, बाप्तिस्मा होई, नवे नाव दिले जाई आणि ते खेड्यातल्या दाईकडे जाई. मग उद्या आई परत आली तर मूल ओळखायचे कसे? त्यासाठी एक छापील कागद असे. अंगावर टोपडे आहे का, झबले आहे का, दुपटे, लंगोट, बाह्या कशा आहेत, हे त्यावर लिहायचे. बाह्या तिकडे वेगळ्या शिवून चढवत आणि त्यांना हौसेने रंगीत फुलाफुलांचे कापड वापरत. कारकून त्यातला किंवा दुसऱ्या कपड्यातला एक तुकडा कापून कागदाला टाचणीने टोचून ठेवी. लिहिता न येणाऱ्या बाईलाही कापडाची नक्षी सांगता येते. त्यातले पुष्कळ कपडे आयांनी स्वतःच्या जुन्या झग्यांतून बेतले होते. आपल्याकडे आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे होते, तसेच ते. बाळंतविडा द्यायला कोणी नव्हते, तरी मूल उघडे आणले नव्हते.

अशा बायकांना निर्दय म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला तसे म्हणवत नाही. सोडून द्यायच्या मुलाच्या बाहीला फुलांचे कापड कोण लावेल?

पुढची हकिकत मात्र कठीण आहे. १७५६ पासून चार वर्षे सरकारी पैशावर येईल ते मूल घेतले गेले. जवळजवळ १५,००० मुले आली आणि त्यांतली दोन तृतीयांशांहून जास्त दगावली. १७४१ ते १७६० या काळात घेतलेल्या १६,२८२ मुलांपैकी आईवडिलांनी परत नेली ती फक्त १५२. कापडाचे सुमारे ५,००० तुकडे उरले आहेत. राजाराण्यांचे रेशीम संग्रहालयांत पुष्कळ सापडते, पण गरिबाघरचे रोजचे कापड इतके कुठेच टिकलेले नाही. वह्या मिटलेल्या होत्या, म्हणून पुष्कळांचे रंगही शाबूत आहेत.

त्यांतला एक तुकडा ११ फेब्रुवारी १७६७ चा, मूल क्रमांक १६५१६. वेगवेगळी कापडे गोधडीसारखी जोडून त्यावर हृदय भरलेले आहे आणि ते मधोमध कापले आहे. वहीत आहे तो अर्धाच. आईचे नाव सारा बेंडर, मुलाचे चार्ल्स. संस्थेने त्याचे नाव बेंजामिन ट्वर्ल ठेवले.

१० जून १७७५ रोजी सारा त्याला न्यायला आली. तो आठ वर्षांचा झाला होता.